उघड्या पार्किंगमधली निळी हॅचबॅक: घरच्या पॉलिश-सीलिंगचं एक प्रकरण

गाडी २०१७ची, गडद निळी मेटॅलिक हॅचबॅक. पुण्यात धायरीतल्या एका सोसायटीत उघड्या पार्किंगची जागा, डोक्यावर रेन ट्रीची फांदी, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम. गाडी फार पळालेली नाही, पत्रा कुठे चेपलेला नाही, पण उन्हात उभी केली की निळी कमी आणि राखाडी जास्त दिसायची. मालकाने दोन ठिकाणी विचारलं होतं. एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश करून वर टेफ्लॉन मारून देतो’ असं सांगितलं, दुसऱ्या दुकानात थेट सिरॅमिक कोटिंगचं कोटेशन हातात ठेवलं. रंगाची जाडी मात्र दोन्हीकडे कोणी मोजली नाही. शेवटी काम घरीच करायचं ठरलं, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या न झालेल्या मोजणीवर येऊन थांबला.

टेफ्लॉनबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तव्यावर बसतं ते टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं आणि धातूवर पक्कं बसवायला त्याहून जास्त उष्णता लागते. गाडीचा रंग तेवढ्या तापमानाला उरणारच नाही. गॅरेजमध्ये त्या नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा साधं पॉलिमर सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षणाचा पातळ थर देणारं द्रव, असतं. वाईट नसतं, पण नावाचे वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

रंगाला झालं काय होतं

तीन वेगवेगळे आजार होते आणि तिघांवर एकच औषध चालत नाही.

पहिला आजार म्हणजे सगळ्या गाडीभर पसरलेलं बारीक चऱ्यांचं जाळं. टॉर्च मारला की उजेडाभोवती गोल गोल रेषा दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की कोणीतरी गोलाकार घासलंय. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना आणि बरेचसे सरळच असतात. उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. हे चरे रोजच्या पुसण्याचे. सकाळी सहाला गाड्या धुणारा येतो, एक बादली, एक सुती फडका आणि रांगेत वीस गाड्या. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतर बादलीतलं पाणी म्हणजे पातळ चिखलच. त्यात बांधकामावरची क्रश सँड, म्हणजे आपल्याकडे दळलेला काळा दगडच, हवेतून येऊन रंगावर बसलेली. तो कण क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कठीण असतो. फडक्याखाली सापडला की रेघ ओढतोच.

दुसरा आजार पाण्याच्या डागांचा. सोसायटीला वापरायला बोरचं आणि टँकरचं पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर आकडा सातशेच्या पुढे. स्वयंपाकघरात येणाऱ्या पालिकेच्या नळाचा आकडा शंभरच्या आत होता. बोरच्या पाण्याचा थेंब उन्हात सुकला की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल कड्यासारखे मागे राहतात. मालक शेवटची धार आरओच्या टाकाऊ पाण्याची मारायचा, पाणी वाया जाऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण आरओ जे क्षार गाळून काढतं ते सगळे त्याच पाण्यात जातात. कुंड्यांना, फरशीला चालेल. गाडीवर शेवटचं पाणी म्हणून ते नको.

तिसरा आजार रंगात रुतलेल्या कणांचा. सिमेंटची धूळ पहाटेच्या दवात भिजून घट्ट झालेली, ब्रेकचा लोखंडी भुगा, खालच्या भागात डांबराचे ठिपके आणि टपावर झाडाचा चिकटा. ओल्या पत्र्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवली तर बारीक रव्यासारखी खरखर लागत होती. पिशवीमुळे बोटांना हे जास्त जाणवतं. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्राही पिशवीखाली खरखरीत निघतो.

शिवाय बॉनेटवर पक्ष्यांच्या विष्ठेचे दोन जुने डाग होते. विष्ठेतलं आम्ल आणि तापलेला पत्रा मिळून क्लिअर कोटला खळगा पाडतात. त्या दोन डागांकडे पुढे येऊ.

मोजणी आणि एक नकार

मेटॅलिक रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतोच. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे हा थर थोडासा तासून चऱ्यांच्या कडा सपाट करणं. चरा ‘भरला’ जात नाही, आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीवर आणला जातो. हे डोक्यात पक्कं बसलं की हात आपोआप सावरतो.

जाडी मोजायचा गेज दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. सोबतच्या लोखंडी तुकड्यावर आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर तो आधी शून्य आणि प्रमाण करून घ्यायचा असतो, नाहीतर दहा-पंधरा मायक्रॉनची चूक सहज होते. प्रत्येक पत्र्यावर पाच जागी मोजलं. टप ११६ ते १२४. उजवी दोन्ही दारं, डावं पुढचं दार आणि चारही फेंडर ११० ते १२०. डावं मागचं दार २१० ते २४०, म्हणजे कधीतरी परत रंगवलेलं, खाली थोडी लांबीही (पुट्टी) असणार. बॉनेट मात्र ८६ ते ९२ आणि पुढच्या कडेजवळ ७८. बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यांच्यावर हा गेज काही दाखवत नाही.

बॉनेटचा आकडा बोलका होता. शेजारच्या फेंडरपेक्षा तो २५ ते ३० मायक्रॉन कमी. कारखान्यातूनच असा फरक क्वचित येतो, पण मालकाच्या आधी गाडी दुसऱ्या हातात होती आणि बॉनेटवर रोटरी मशीनचे धूसर पट्टे उन्हात स्पष्ट दिसत होते. गॅरेजमध्ये रबिंग करताना सगळ्यात जास्त जोर बॉनेटवरच लागतो, कारण गिऱ्हाईक तिथेच बघतं. गेज सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतो, त्यात क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही. म्हणून वाईटात वाईट धरून चालायचं: गेलेले २५ मायक्रॉन सगळे वरूनच गेलेत. मग उरलेला थर दहा-पंधराचा असू शकतो.

त्यावरून बॉनेटला कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, लावायचंच नाही असं ठरलं. विष्ठेचे दोन्ही खळगे तसेच राहू द्यायचे, फक्त बारीक फिनिशिंग पॉलिशचा हलका हात फिरवायचा. मालकाला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला सर्वात आधी तेच दोन डाग घालवायचे होते. पण खळगा घालवायला आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. तो करताना क्लिअर कोट फुटला तर बॉनेट पुन्हा रंगवण्याशिवाय मार्ग नाही, आणि मेटॅलिक निळ्याचा शेड दुसऱ्यांदा तंतोतंत जुळणं कठीण.

धुणं आणि रुतलेले कण काढणं

काम डिसेंबरमधल्या शनिवार-रविवारी केलं. पुण्यात ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ यासाठी चांगला. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊलाच गडद पत्र्याला हात लावत नाही, आणि पावसाळ्यात सीलंट नीट सुकत नाही. गुरुवारी सुट्टी काढून हे काम करायला घेऊ नये. दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचं झालं की आपल्याकडे बहुधा गुरुवारच निघतो.

आधी दोन लिटरच्या झाडांच्या पंपात शांपूचं पाणी भरून कोरड्या धुळीवर फवारलं, पाच मिनिटं ठेवलं आणि पाइपने उतरवलं. हात लावायच्या आधी जितकी धूळ पाण्याने जाईल तितकी जाऊ द्यायची. मग दोन बादल्या: एकीत दहा लिटर पाण्याला बाटलीवर सांगितलेल्या मापाने कार शांपू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग परत शांपूत. वरून खाली यायचं आणि दाराच्या तळाचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर नको. ती रबरी बीडिंग आणि काळं प्लास्टिक कोरडं पाडते.

क्षाराच्या डागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी एकच पत्रा. कापड त्यात भिजवून डागांवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग भरपूर पाण्याने धुवायचं. दारांवरचे बहुतेक डाग एवढ्यानेच गेले. टपावरचे काही अर्धेच गेले, म्हणजे तिथे क्षार नुसते वर बसलेले नव्हते, त्यांनी रंग थोडा खाल्ला होता. ते पॉलिशच्या वाट्याला ठेवले. काचेवर व्हिनेगरला दाद न देणारे डाग असतील तर सिरियम ऑक्साइडची पेस्ट वापरतात, पण ते वेगळं काम आहे.

लोखंडी भुग्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारला. लोखंडाशी भेट झाली की तो जांभळा होतो. गडद रंगावर जांभळे ठिपके दिसत नाहीत, खाली ओघळणाऱ्या पाण्यात दिसतात. तीन-चार मिनिटांत धुऊन टाकायचा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये नको. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर.

मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. साठ ग्रॅमचा तुकडा घेऊन त्याचे तीन भाग केले. एक पडला तर सगळा फुकट जाऊ नये म्हणून. जमिनीवर पडलेला क्ले सरळ कचऱ्यात टाकायचा, त्यात चिकटलेला एक खडा दार खराब करायला पुरतो. पत्रा शांपूच्या पाण्याने सतत ओला ठेवायचा, क्ले चपटा करून दोन बोटांच्या जोराने सरळ रेषेत फिरवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाजही येतो. मग आवाज बंद होतो आणि तो घसरायला लागतो. तिथे थांबायचं. दर दोन फुटांवर घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. टपावरून काढलेला क्ले दोनच हातांत राखाडी झाला होता, तो बहुतेक सिमेंटच. क्लेने गडद रंगावर स्वतःचे धूसर ओरखडे उठतात, त्यामुळे पुढे पॉलिश करणार नसाल तर क्लेच्या वाटेला जाऊ नका.

कोरडं करून टेप लावली. काळं प्लास्टिक, बीडिंग, नंबर प्लेटची कड, कंपनीचा लोगो आणि दारांच्या धारदार कडा. कडेवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो. टेप निळी घ्यावी. स्वस्तातली पिवळी दोन तास उन्हात राहिली की गोंद मागे ठेवते. पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात, नीट बघून घ्या.

टेस्ट स्पॉट

पंधरा मिलिमीटर थ्रोचं, म्हणजे पॅड फिरता फिरता तेवढा हलवणारं, ड्युअल अॅक्शन मशीन, पाच इंची बॅकिंग प्लेट, साडेपाच इंची पॅड. नवशिक्यासाठी हे डीए मशीनच बरं. रोटरी एकाच जागी फिरते, झटक्यात उष्णता तयार करते आणि बॉनेटवर दिसत होते तसे पट्टे सोडते. पॅड पाच लागले: तीन मध्यम पॉलिशिंगचे, दोन मऊ फिनिशिंगचे. एका पॅडवर अख्खी गाडी उरकू पाहणारे मधेच अडतात. तापलेला, पॉलिशने भरलेला पॅड कापत नाही, नुसता चोळतो.

टेस्ट स्पॉट, म्हणजे कोणतं पॅड-पॉलिश चालतं ते आधी पारखायची जागा, घेतला ड्रायव्हरच्या दारावर, मधोमध, ४५ बाय ४५ सेंटिमीटर. पत्रा सपाट, जाडी भरपूर, उजेड सरळ. सर्वात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची हा नियम. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने चमक वाढली, जाळं जवळपास तसंच राहिलं. मध्यम पॅड आणि मध्यम पॉलिश, चार फेऱ्या: जाळं बहुतांश गेलं, चार-सहा एकटे खोल चरे उरले. तिसऱ्या चौकोनात कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड लावला, तेव्हा ते खोल चरेही जवळजवळ गेले. पण मागे पांढुरकी धूसर छटा आली, जी घालवायला दुसरी फेरी लागलीच असती.

निर्णय मधल्या जोडीचा झाला. रोज उघड्यावर राहणाऱ्या, रोज धूळ खाणाऱ्या गाडीचे शेवटचे चार चरे काढण्यासाठी दुप्पट-तिप्पट क्लिअर कोट उतरवणं आम्हाला पटत नाही. मध्यम पॉलिशचा एक पूर्ण हात, चारही फेऱ्या मिळून, साधारण एक-दोन मायक्रॉन घेतो, कंपाउंड आणि मायक्रोफायबर दोन ते चार. नखाला अडणारा चरा तर कशानेच जात नाही, तिथे टचअपची बारीक कुंचली. आणखी एक लक्षात ठेवायचं: भाड्याच्या गेजची अचूकताच दोन-तीन मायक्रॉनची असते. पॉलिशनंतर तोच आकडा दिसला म्हणून काही गेलंच नाही असं होत नाही. जे गेलं ते त्या गेजला दिसतच नाही.

प्रत्येक चौकोन तपासायच्या आधी पॉलिशमधलं तेल पुसून टाकावं लागतं, नाहीतर तेल चऱ्यात बसून ते लपवतं. गॅरेजमधून आरशासारखी आलेली गाडी तीन धुण्यांत परत जाळीदार दिसते त्याचं कारण बरेचदा हेच. सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी तीन भाग, म्हणजे साडेसतरा टक्के. याहून तीव्र नको. पुसायचं, सुकू द्यायचं, टॉर्च तिरका मारून बघायचं, मग उन्हात बघायचं.

मशीनखाली गाडी

नव्या पॅडला आधी सगळीकडे पॉलिशचा पातळ हात द्यायचा, मग प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब. पहिल्या नंबरवर तीन-चार सेकंद पसरवायचं, मग साडेचार-पाचवर काम. हात सावकाश, सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. एक फेरी आडवी, एक उभी, अशा चार. दाब किती ते शब्दांत कळत नाही, म्हणून घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवून बंद मशीनने त्यावर दाबून बघायचं: चार-पाच किलो पुरे. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवायची. काम चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरली तर दाब जास्त आहे किंवा पॅड वाकडा पडलाय, आणि तेव्हा मशीन काहीच कापत नसतं.

या आकाराच्या गाडीचे साधारण ३८ चौकोन झाले. पुसण्यासकट एकेकाला पाच-सहा मिनिटं, म्हणजे सव्वातीन ते पावणेचार तास निव्वळ मशीनचं काम. पॉलिश शंभर मिलिलिटरच्या आत लागलं, अडीचशेची बाटली निम्म्याहून जास्त उरली. दर पत्र्यानंतर पॅडवर ब्रश मारायचा. एक्स्टेंशन तीन तारांचं, अर्थिंगवालं, आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली. गुंडाळलेली वायर तापते. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवलं. का, ते पुण्यात सांगायला नको.

बिघडलं ते असं. साडेअकराला टपावर ऊन आलं आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने पत्रा ४१ अंश दाखवला. पॉलिश सुकून पांढरी पूड उडायला लागली, पुसताना फडका अडखळू लागला. बरेच जण इथे आणखी पॉलिश टाकतात आणि चिखल करून बसतात. उपाय उलटा आहे: थांबायचं, पॅड साफ करायचा, त्यावर पाण्याचा एकच हलका फवारा मारायचा आणि सावलीतल्या बाजूला जायचं. टप रविवारी सकाळी सातला उरकला.

डाव्या मागच्या दाराने वेगळा हिसका दिला. जी जोडी बाकी गाडीवर स्वच्छ उमटत होती तिने इथे धूसरपणा आणला. बाहेर मारलेला रंग कारखान्याच्या भट्टीतल्या रंगापेक्षा बरेचदा मऊ असतो. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग चार आणि तीन फेऱ्या यावर काम झालं. २२० मायक्रॉन दिसले म्हणून तिथे हात सैल सोडायचा नाही, त्यातले किती लांबीचे कोण जाणे. म्हणूनच परत रंगवलेल्या पत्र्याला स्वतःचा वेगळा टेस्ट स्पॉट लागतो.

बंपरचं प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, ती जागच्या जागी साठते. वेग तीनवर, कोपऱ्यावर न रेंगाळता. उजव्या बाजूच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीची टेप निसटली होती, तिथे पांढरा डाग बसला. लगेच मऊ टूथब्रश आणि अल्कोहोलच्या पाण्याने निघाला. रात्रभर राहिला असता तर निघता निघत नाही.

बॉनेटला मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, दोन फेऱ्या. पट्टे गेले, रंगाला खोली आली, विष्ठेचे दोन्ही खळगे तसेच, फक्त त्यांच्या कडा मवाळ झाल्या. दोन पावलांवरून दिसत नाहीत.

वरचा थर कोणता

सिरॅमिक कोटिंग नाकारण्याचं कारण किंमत नव्हतं. ते लावायला धूळ नसलेली बंद जागा लागते. जादा राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर काळपट डाग पक्के होतात आणि ते परत पॉलिशनेच काढावे लागतात. लावल्यावर पुढचे काही दिवस गाडीला पाणी चालत नाही. उघड्या पार्किंगमध्ये पहाटे दव पडतं, झाडावरून काही ना काही टपकत असतं. कोटिंगच्या जाहिरातीतला ‘नाइन एच’ हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापाचा, त्याचा दगडाशी किंवा फडक्यातल्या वाळूशी काही करार नाही. आणि बोरचं पाणी कोटिंगवरही सुकतंच. तिथे थेंब उंच, गोल उभे राहतात आणि प्रत्येक थेंब आपलं क्षाराचं कडं सोडून जातो. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची झाकलेली जागा, आणि गोडं पाणी असतं तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

निवडलं साधं द्रव पॉलिमर सीलंट. अल्कोहोलच्या पाण्याने सगळी गाडी दोनदा पुसली, कारण पॉलिशच्या तेलावर सीलंट धरत नाही. फोमच्या अॅप्लिकेटरवर रुपयाच्या नाण्याएवढं घेऊन एक पत्रा. जितकं पातळ तितकं चांगलं. दिसेल इतकं जाड लावलं तर फक्त पुसायचे कष्ट वाढतात. अख्ख्या गाडीला पंचवीस मिलिलिटरही लागलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी बोट फिरवून बघायचं: स्वच्छ रेघ उमटली तर पुसायचं, चिकट ओघळ उमटला तर थांबायचं. पुसायला साडेतीनशे-चारशे जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबर कापडं, घडी घालून, दर पत्र्याला नवी बाजू.

सीलंटला पाण्यापासून बारा तास तरी लांब ठेवायचं असतं. म्हणून रविवारी दुपारी एकच्या आत सीलिंग संपवलं आणि रात्रीपुरती गाडी शेजाऱ्यांच्या स्टिल्टमध्ये लावली. संध्याकाळी सीलंट लावून गाडी उघड्यावर सोडली असती तर पहाटेच्या दवाने सगळीकडे ठिपके उठले असते.

रोजचा फडका

सोमवारी सकाळी मालक खाली गेला.

“दादा, आजपासून आपल्या गाडीला रोज फडका मारायचा नाही.”

“मग साहेब, धूळ बसंल की. लोक म्हणतील, पैसं घेतो अन् काम करत नाही.”

“बसू दे. नुसत्या बसलेल्या धुळीने काही होत नाही. पैसे तेवढेच देतो. काचा आणि आरसे पुसा, पत्र्याला हात नको.”

आठवड्यातून एकदा धुणं मालक स्वतः करतो. पाइप न लावता रिन्सलेस पद्धतीने: एक बादली पालिकेचं पाणी, त्यात लेबलच्या मापाने द्रावण, आणि आठ मायक्रोफायबर कापडं त्यातच भिजवलेली. आधी पंपाने तेच द्रावण पत्र्यावर फवारायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग कापड चार घडी करून एकाच दिशेने न दाबता ओढायचं. एक बाजू एकदाच वापरायची. आठ बाजू संपल्या की कापड बाजूला, परत बादलीत नाही. कापडं वेगळी धुवायची. सुती कपड्यांत टाकली तर त्यांचे तंतू चिकटतात, फॅब्रिक कंडिशनरने त्यांची पकडच जाते. पक्ष्याने घाण केली तर रविवारची वाट बघायची नाही. ओलं कापड त्यावर दोन मिनिटं ठेवून उचलून घ्यायचं, घासायचं नाही. यासाठी डिकीत पाण्याची छोटी फवाऱ्याची बाटली आणि एक कापड कायम असतं.

मार्चअखेर पाहणी केली. दारांवर टॉर्चखाली नवे चरे मोजकेच, तेही हँडलच्या खाली, अंगठ्या आणि किल्ल्यांचे. टपावर पाणी अजून पटकन घरंगळत होतं, बॉनेटवर मात्र ते पसरून बसायला लागलं होतं. इंजिनची उष्णता आणि समोरून येणारी धूळ यांमुळे सीलंट तिथेच आधी संपतं. त्यामुळे बॉनेट आणि टपाला एप्रिलमध्ये, आणि सगळ्या गाडीला मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी, सीलंटचा एक हात. मशीन बाहेर काढायचं नाही. पत्र्यागणिक मोजलेले आकडे आणि तारीख सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत. पुढे कोणीही ‘साहेब, बॉनेट रबिंग करून देतो’ म्हणालं, तर आधी ते पान त्याच्यासमोर ठेवायचं.